काडुपापाची आई

आमच्या घरात पाळणा टांगायची घाई अण्णांनी केली, हे आत्याचं पालुपद मी पुढे कितीतरी वर्षं ऐकलं. अक्काला मुलगा झाला तसे अण्णा, म्हणजे आमचे वडील, बेंगळूरच्या शिवाजीनगरातलं शिवणाचं दुकान भर दुपारी बंद करून घरी आले, माळ्यावरून पाळणा काढला, कड्यांना तेल घातलं आणि मधल्या खोलीच्या तुळईला टांगून मोकळे झाले. पाळणा टांगायचा तो बाराव्या दिवशी. आत्या ओरडली, पण अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी मूल गेलं. पाचवीसुद्धा पुजली नव्हती. सटवाईला त्याच्या कपाळावर काही लिहायला सवडच मिळाली नाही, असं आत्या म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची. पाळणा तसाच राहिला. तो काढायचा कोणी, हे कुणाला ठरवता येईना. ज्याने टांगला त्याने काढावा म्हणावं, तर अण्णा त्या खोलीतून मान खाली घालून जायचे. रिकामा पाळणा हलवू नये अशी मला सक्त ताकीद होती. मी बारा वर्षांची घोडी त्याच्या खालून अंग चोरून ये-जा करायची.

आई मला आठवतही नाही. मला वाढवलं ते आत्याने, आणि आत्यापेक्षाही जास्त अक्काने. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माझी वेणी, माझं पाठांतर, माझ्या तापातल्या रात्री, सगळं तिच्याकडे. ती लग्न होऊन कोलारला गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार हे कळल्यावर मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते. आता ती आली होती, खाटेवर होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. दूध आटावं म्हणून आत्या रोज संध्याकाळी काकडा मल्लिगेच्या कळ्या तिच्या छातीला फडक्याने बांधायची. सगळ्या घराला मोगऱ्याचा वास. लग्नघरासारखा वास आणि आत कुणी बोलत नाही, असे ते दिवस होते. आजही फुलवाल्या बाईची टोपली जवळून गेली की मी नाकाला पदर लावते. माझी मुलगी हसते. बेंगळुरात राहून मल्लिगेचा वास न चालणारी बाई तिने दुसरी पाहिली नाही म्हणे.

घर तेव्हाच्या गावाच्या अगदी कडेला होतं. पुढे कच्चा रस्ता आणि मागे तोपु. तोपु म्हणजे जुन्या झाडांची राई. चिंच, फणस, आंबा, होंगे. होंगे म्हणजे आपला करंज, पण आमच्या घरात त्याला करंज कुणी म्हणत नसे. पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहिलेलं आमचं मराठी. त्यात भाजी, झाडं, शिव्या आणि लाड बहुतेक कानडीतलेच, मला पुट्टी म्हणत तेसुद्धा. त्या थंडीत अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम होता. आत्या दाणे भिजत घालायची आणि मग ते चिमटीत दाबून सोलायचे असत. सालीतून दाणा टुपकन उडायचा. एरवी अक्का आणि मी पैज लावून दाणे उडवायचो. त्या वर्षी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि मी एकटी सोलायची. त्या दाण्यांच्या साराचा वास सुटला की शेजारच्या चार घरांना कळायचं आमच्याकडे काय शिजतंय. अक्का दोन घास खायची आणि ताट सरकवायची. अण्णा रात्री मशीनवर बसायचे, आणि उगाच, काही शिवायचं नसतानाही, पायडल मारत राहायचे.

घराच्या मागे न्हाणीघर, त्याच्याशेजारी विहीर आणि विहिरीवर एकच होंगेचं झाड. ते तोपापासून सुटं होतं, मधून बैलगाडीची वाट जायची. फक्त त्याची एक लांब फांदी आमच्या कौलांवरून वाटेपलीकडे गेलेली आणि पलीकडच्या चिंचेत शिरलेली. या फांदीचं मी सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी घडलं. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर फांदीवर, विहिरीच्या कठड्यावर चढून हात पुरेल इतक्या खाली, काहीतरी चिकटलेलं दिसलं. मूठभर राखाडी लोकर आणि तिला दोन डोळे. शेपूट नाही. हातपाय काड्यांसारखे, आणि माणसाच्या हातासारखा हात. ते पळालं नाही. मी बोट पुढे केलं तर त्याने फांदी सोडून माझं बोट धरलं. आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही. आईविना पोर, असं मनात आलं. मला आई नाही म्हणूनच ते इतक्या चटकन मनात आलं असेल. मी त्याला परकराच्या ओच्यात घेतलं आणि थेट अक्काच्या खाटेपाशी नेलं.

"अक्का, बघ गं. कुणीतरी टाकून दिलंय."

अक्का वळली. त्याने माझं बोट सोडून तिचं धरलं. मला वाटतं, सोळा-सतरा दिवसांनंतर मी तिचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "अय्यो, थरथरतंय. पुट्टी, माझी शाल दे." एवढंच. पण दारात उभ्या असलेल्या अण्णांनी ते ऐकलं आणि ते तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.

आत्या म्हणाली, "रानातलं जनावर घरात? आणि तेही सुतकाच्या घरात?" पण तिने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेगडी पेटवायला गेली. नंतर तीच सगळ्यात पुढे होती. आत्याने आयुष्यात निदान वीस मुलं न्हाऊमाखू घातली असतील. तिला एकच रीत ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला कोमट तेल चोळलं, ऊन पाण्याने आंघोळ घातली, शेगडीवर बाळंतशेपा टाकून धुरी दिली, सहाणेवर वेखंड आणि जायफळ उगाळून गुटीचं बोट चाटवलं. काजळ तेवढं घातलं नाही, डोळ्यांभोवती ते आधीच होतं. मग पाळण्यात दुपटं घालून त्याला निजवलं. ते पाठीवर राहीना, उलटं होऊन पाळण्याची दोरी धरून बसलं. तशीच दोरी धरून झोपलं. दिवसभर झोपलं. आत्या म्हणाली, "किती गुणी आहे बघ, घर डोक्यावर घेत नाही." अक्का हसली. खरंच हसली.

दूध ती स्वतः पाजायची, माझ्या लहानपणीच्या चांदीच्या बोंडल्याने. दार लोटून घ्यायची. त्याच दिवसापासून तिने कळ्या बांधून घेणं बंद केलं. बोंडल्यात गाईचं दूध नव्हतं हे मला पुढे, मला मुलगी झाली तेव्हा, कळलं. आत्याला तेव्हाच कळलं असणार. तिने फक्त कळ्या आणायचं बंद केलं.

पहाटे बंब पेटवायचं काम माझं. सगळे झोपलेले असताना उठायचं, मागच्या अंगणात जायचं, होंगेच्या शेंगा आणि गोवऱ्या घालून बंब धगधगता करायचा. त्या पहिल्या पहाटे, म्हणजे पिल्लू आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी फुंकणीने फुंकत असताना वर शीळ ऐकू आली. बारीक, पातळ, एकदाच. कंदील उंच धरला तर फांदीवर दोन निखारे. ती आली होती. आपण चालतो तशी, एकेक हात विचार करून टाकत, ती चिंचेकडून आली आणि बरोबर त्या जागेवर थांबली जिथून मी तिचं पिल्लू उचललं होतं. तिने ती जागा हुंगली. मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा हुंगली. फांदीच्या खालच्या बाजूला लटकून खाली पाहिलं. शीळ घातली, आणि थांबली, उत्तराची वाट पाहावी तशी. झुंजुमुंजू व्हायला लागलं तेव्हा गेली.

मला कळलं होतं. आता या वयात मी त्याला अजाणपणाचं नाव देणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. मी आत आले ते सांगायलाच आले होते. अक्का चुलीपाशी बसली होती. स्वतःहून उठून आली होती, केस विंचरले होते, आणि आत्याकडे काल रात्रीचं सार आणि भात मागत होती. "स्वल्प अजून वाढ," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ये, तुझी वेणी घालते." मी तिच्यापुढे पाठ करून बसले. तिची बोटं केसांत फिरायला लागली, आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या पहाटे ती आली. तिसऱ्या पहाटे आली. मी बंब पेटवायचं सोडून न्हाणीघराच्या दारामागे उभी राहायची. आत पिल्लू पाळण्यात जागं असायचं, हे मी दारातून जाताना बघायची. त्याचा आवाज आता इतका बारीक झाला होता की तो भिंतीबाहेर जात नसावा. ते वाळत चाललं होतं. अक्का म्हणायची, "बाळसं धरेल हळूहळू." चौथ्या पहाटे ती फांदीवरून आमच्या कौलांवर उतरली. तिच्या जातीला जमिनीची, घराची किती भीती असते हे मला आता शेजारची एक मुलगी, ऋचा, सांगते. कौलांवरून ती मधल्या खोलीच्या छपरापर्यंत गेली आणि बरोबर पाळण्याच्या वर बसून शीळ घालू लागली. त्या शिळेने आत्या जागी झाली.

आत्याला तो अपशकुन वाटला. तिने ऐकलं होतं की तोपात असं एक जनावर असतं, करणी करणारे त्याला धरायला अमावास्येला येतात, आणि ते ज्या घरावर ओरडतं तिथे काही चांगलं होत नाही. पाळण्यातलं बाळ आणि छपरावरचं जनावर एकाच जातीचं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिने ते जनावर कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. त्या दिवशी रविवार. तिने अण्णांच्या मागे लकडा लावला, "ती फांदी आधी पाडा. उद्या त्याच वाटेने साप येतील." अण्णांना अक्काशिवाय दुसरा विचार नव्हता, घरावर पुन्हा काही यायला नको, म्हणून ते मुनियप्पाला बोलवायला गेले. मुनियप्पा तोपातल्या चिंचा झोडपून द्यायचा, झाडांची कामं करायचा. तो कोयता आणि करवत घेऊन आला. फांदी कौलांवर पडू नये म्हणून तिला दोर बांधला, आणि तो दोर वाटेकडे ओढून धरायला मला सांगितलं. मी धरला. मी ओढला. सांगायचं तर तेव्हाही सांगता आलं असतं. करवत थांबवायला एक शब्द पुरे होता.

काम झाल्यावर मुनियप्पा कॉफी प्यायला मागच्या पडवीत बसला. अक्का पिल्लाला पदरात घेऊन तिथे आली. त्याने कप खाली ठेवला. "अय्यो, काडुपापा!" तो म्हणाला. रानातलं बाळ. मग त्याने कानडीत जे सांगितलं ते मी आजही शब्दशः ऐकू शकते. कामावरची बाई पोराला झाडाच्या सावलीत झोळीत ठेवून खडी फोडायला जाते, तशी ही संध्याकाळी पिल्लाला फांदीवर ठेवून पोट भरायला जाते. "तायि बंदु कर्कोंडु होगत्ते," तो म्हणाला. आई येते आणि घेऊन जाते. उजाडायच्या आत.

अक्काने पिल्लावरचा पदर बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे कुणी टाकून दिलं नव्हतं."

"नाही अम्मा."

"ती आली असेल का शोधायला?"

आत्या म्हणाली, "अगंबाई! ती शीळ..." आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागली. पहाटे उठणारी घरात मी एकटीच. अक्काने विचारलं, "पुट्टी, तू पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं.

"कधी?"

मी म्हटलं, "आज. आज पहाटे. एकदाच."

अक्काने माझ्यावर विश्वास ठेवला. तिने मला वाढवलं होतं. मी तिच्याशी खोटं बोलेन हे तिच्या ध्यानीमनीही आलं नसेल. ती उठली. "जिथून उचललं तिथेच ठेवायचं," ती म्हणाली. आता ती जागा म्हणजे बुंध्यापासून हातभर उरलेला खुंट, आणि चिंचेच्या टोकापर्यंत मध्ये रिकामी हवा. मी म्हटलं, पलीकडे चिंचेवर ठेवू. पण अक्का म्हणाली, "ती इथे शोधत येते. जागा बदलली तर तिला कसं कळेल?" मुनियप्पाने मान हलवली. मग त्याने विहिरीचा दोर सोडला आणि खुंटापासून चिंचेपर्यंत ताणून बांधला. आत्याने रागाने नव्हे, नुसतं विचारलं, "उद्या पाणी कसं काढायचं?" मुनियप्पाने गाठ आवळली. संध्याकाळी शिडी लावून अक्का स्वतः वर चढली. पिल्लू तिचं बोट सोडेना. तिने ते सोडवलं नाही. त्याच्या दुसऱ्या हाताला खुंट दिला आणि त्याने आपण होऊन सोडेपर्यंत शिडीवर उभी राहिली.

पहाटे आम्ही दोघी न्हाणीघराच्या दारात होतो. बंब पेटवला नव्हता. ती आली, चिंचेच्या टोकापर्यंत. शीळ घातली. खुंटावरून उत्तर आलं, अगदी बारीक, वाळलेलं पान चुरगळल्यासारखं. ती दोराकडे गेली. तिने एक हात दोरावर ठेवला. दोर हलला, तिने हात काढून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. त्या दोराला आमच्या हातांचा, आमच्या पोहऱ्याचा वास असेल. कालपर्यंत तिथे फांदी होती. अक्का माझा हात धरून पुटपुटत होती, "ये गं, ये ना बाई, ये." पूर्वेकडे पांढरं व्हायला लागलं. पिल्लाचा आवाज थांबला. ती आणखी थोडा वेळ थांबली, आणि मग, जशी आली तशीच एकेक हात टाकत, पानांत गेली.

अक्का शिडी चढली तोवर ते गार पडलं होतं. मूठ मात्र सुटली नव्हती. तिला एकेक बोट सोडवावं लागलं. दुपारी तिने स्वतः पाळणा काढला; त्याच्या कड्या कुरकुरल्या तेव्हा आत्या देवघरात जाऊन बसली. त्यानंतर काडुपापाची आई आली की नाही मला माहीत नाही. विहिरीचा दोर पुन्हा विहिरीवर गेला, आणि मी पहाटे मान वर करायची नाही असं ठरवलं.

अक्का पुढे कोलारला गेली. तिला दोन मुलं झाली, नातवंडं झाली. ती प्रेमळ बाई होती, चारचौघांसारखं जगली. पण वर्षातून एकदा तरी, अवरेकाळू सोलताना, विषय निघायचाच. "एक दिवस आधी कळलं असतं तर, पुट्टी," ती म्हणायची. "फक्त एक दिवस. फांदी होती तोवर. नशीबच गं, दुसरं काय. दोनदाच आली बिचारी." आणि या 'नशीबच'वर तिचं मन शांत व्हायचं, हे मला दिसायचं. कितीदा वाटलं सांगावं. पण मग तिच्याजवळचं ते एवढंसं समाधानही मी काढून घेतलं असतं. निदान मी स्वतःला असं समजावलं. खरं कारण भीती हेच. म्हातारपणीही मला माझी वेणी तिच्याकडूनच घालून घ्यायची होती. ती मागच्या वर्षी गेली.

मी आता एचएसआर लेआउटमध्ये मुलीकडे असते, अकराव्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर ऋचा राहते, नागपूरची मुलगी, व्हाइटफील्डला नोकरी. शनिवारी संध्याकाळी ती आणि तिचे मित्र बॅटरीला लाल कागद लावून झाडं धुंडाळत फिरतात. आमच्या तोपाचा उरलेला तुकडा आता एका संस्थेच्या कंपाउंडात आहे, बाकीच्यावरून रस्ता गेला. तिथे अजून काडुपापा, ऋचाच्या भाषेत स्लेंडर लोरिस, आहेत म्हणे, अगदी थोडे, आणि दर वर्षी कुठलीतरी फांदी तोडली जाते आणि ते एकेका झाडावर अडकतात. "म्हणून आम्ही रोप ब्रिज बांधतोय काकू, ट्री टू ट्री," ती म्हणाली. मी विचारलं, येतात का त्याच्यावरून? "लगेच नाही येत. ट्रस्ट नाही करत ना ते. खूप दिवस लागतात, मग एखादी ट्राय करते." मी उठून पाणी प्यायले.

ती जुन्या रहिवाशांकडून फॉर्म भरून घेत होती. कुठे पाहिलं, कुठलं झाड, किती वेळा. मी विहीर सांगितली, होंगे सांगितला. ती लिहीत होती.

"आणि किती वेळा दिसली, काकू? आठवतंय?"

तोंडाशी दोन आलं होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

"पाच," मी म्हटलं. "पाच पहाटा. चार वेळा फांदी होती."

तिने लिहिलं. दुसरा रकाना बघत पेन टेकवून म्हणाली, "आणि सोबत पिल्लू होतं का तिच्या?"

मी म्हटलं, "नाही. ते आमच्याकडे होतं."